जॉन लबक, पहिले बॅरन एव्हबरी

सर जॉन लबक, पहिले बॅरन एव्हबरी (३० एप्रिल, १८३४:लंडन, इंग्लंड - २८ मे, १९१३:किंग्जगेट, केंट, इंग्लंड) हे इंग्लिश बँकर, राजकारणी, कीटकशास्त्रज्ञ आणि प्रागितिहासाचे अभ्यासक होते. पुराश्मयुग आणि नवाश्मयुग या दोन कालखंडांचा भेद त्यांनी १८६५ साली आपल्या ग्रंथात मांडला. ब्रिटनमधील प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८८२ साली संमत झाला, तो मुख्यतः त्यांच्या दीर्घ प्रयत्नांमुळे. विल्टशर परगण्यातील एव्हबरी येथील प्रागैतिहासिक शिलावर्तुळाची जमीन घरबांधणीसाठी विकली जात असताना त्यांनी ती स्वतः विकत घेतली. पुढे सरदारकी मिळाल्यावर त्यांनी याच गावाचे नाव धारण केले.

बालपण आणि शिक्षण

लबक यांचा जन्म लंडनमधील एका सधन बँकर कुटुंबात झाला. त्यांचे वडील सर जॉन विल्यम लबक हे पिढीजात पेढी सांभाळत असतानाच गणित आणि खगोलशास्त्र या विषयांतही नाव कमावलेले गृहस्थ होते. केंट परगण्यातील डाउन या गावाजवळ हाय एल्म्स नावाची कुटुंबाची मोठी जमीनदारी होती. लबक यांचे बालपण तेथेच गेले.

१८४२ साली चार्ल्स डार्विन डाउन येथे राहावयास आले. या शेजाराचा लबक यांच्या आयुष्यावर खोल परिणाम झाला. निसर्गाचे निरीक्षण कसे करावे, नमुने कसे तपासावे आणि त्यांची चित्रे कशी काढावी हे ते डार्विन यांच्या सहवासात शिकले. डार्विन यांच्याच सांगण्यावरून वडिलांनी त्यांना सूक्ष्मदर्शक घेऊन दिले. डार्विन ज्या वाटेवर रोज फेऱ्या मारीत चिंतन करीत, त्या वाटेची जमीनही मुळात लबक कुटुंबाच्या मालकीची होती. डार्विन यांनी ती आधी भाड्याने घेतली आणि पुढे जमिनीच्या अदलाबदलीतून स्वतःच्या नावे केली.

१८४५ साली लबक ईटन येथील शाळेत दाखल झाले. मात्र पेढीच्या कामासाठी वडिलांनी त्यांना लवकरच परत बोलावले. त्यामुळे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच त्यांचे शालेय शिक्षण संपले आणि ते कधीही विद्यापीठात गेले नाहीत. पुढील सर्व अभ्यास त्यांनी पहाटे, रात्री आणि कामाच्या मधल्या वेळांत स्वतःच केला.

बँकर आणि वैज्ञानिक

१८६५ साली वडिलांच्या मृत्यूनंतर बॅरोनेट ही पदवी लबक यांच्याकडे आली आणि पेढीची मुख्य जबाबदारीही त्यांच्यावर पडली. १८७९ साली स्थापन झालेल्या बँकर्सच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

याबरोबरच त्यांचे वैज्ञानिक संशोधनही चालू होते. १८५५ साली टेम्स नदीच्या खोऱ्यात त्यांना कस्तुरी बैलाचा जीवाश्म सापडला. ब्रिटनमध्ये एके काळी अतिशय थंड हवामान होते, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. १८५८ साली त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. डार्विन यांचा उत्क्रांतीचा सिद्धांत प्रसिद्ध झाल्यावर त्याचे जाहीर समर्थन करणाऱ्या तरुण वैज्ञानिकांत ते होते. टॉमस हक्सली, जोसेफ हुकर आदींनी १८६४ साली स्थापन केलेल्या एक्स क्लब या मित्रमंडळाचेही ते सदस्य होते.

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरील त्यांचे संशोधन विशेष गाजले. काचेच्या दोन तावदानांमध्ये मुंग्यांची वारुळे ठेवून त्यांनी अनेक वर्षे निरीक्षण केले. माणसाला न दिसणारे जंबुपार किरण मुंग्यांना जाणवतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. त्यांच्याकडील एक राणी मुंगी सुमारे पंधरा वर्षे जगली. हे संशोधन १८८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

प्रागितिहासाचा अभ्यास

१८६० च्या सुमारास युरोपात मानवाच्या प्राचीनतेविषयी नवे पुरावे पुढे येत होते. फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत दगडी हत्यारे सापडली होती. डेन्मार्कमध्ये शिंपल्यांचे प्राचीन ढीग आणि स्वित्झर्लंडमध्ये सरोवरांच्या काठची जुनी वस्ती उजेडात आली होती. लबक यांनी ही ठिकाणे प्रत्यक्ष पाहिली आणि १८६५ साली प्रीहिस्टॉरिक टाइम्स हा ग्रंथ प्रसिद्ध केला. डॅनिश विद्वानांनी अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग असे तीन विभाग आधीच पाडले होते. लबक यांनी त्यांतील अश्मयुगाचे दोन भाग केले. छिलके काढून हत्यारे बनवणाऱ्या जुन्या काळास त्यांनी पुराश्मयुग आणि घासून गुळगुळीत केलेल्या हत्यारांच्या काळास नवाश्मयुग ठरवले. हे विभाजन जगभर रूढ झाले. भारतीय पुरातत्त्वविद्येतही हीच नावे वापरली जातात.

या ग्रंथात त्यांनी प्राचीन मानवाच्या जीवनाची कल्पना यावी म्हणून समकालीन आदिवासी समाजांची उदाहरणे दिली आणि हे समाज मानवी प्रगतीच्या खालच्या पायऱ्यांवर अडकले असल्याचे मानले. त्यांचे हे मत आजच्या मानवशास्त्राने त्याज्य ठरवले आहे. मात्र हा ग्रंथ अनेक दशके प्रागितिहासाचे प्रमुख पाठ्यपुस्तक होता आणि लेखकाच्या हयातीत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

एव्हबरीची जमीन

एव्हबरी हे इंग्लंडच्या दक्षिणेकडील विल्टशर परगण्यातील एक छोटे गाव आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी येथे मातीचा प्रचंड बांध आणि खोल खंदक खणून त्यांच्या आत उभ्या शिळांची वर्तुळे रचण्यात आली. बाहेरचे वर्तुळ हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे शिलावर्तुळ आहे. कालांतराने त्याच्या आतच वस्ती झाली. सतराव्या आणि अठराव्या शतकांत शेतजमीन मोकळी करण्यासाठी आणि घरांना दगड मिळावा म्हणून गावकऱ्यांनी अनेक शिळा फोडल्या. शिळेभोवती गवत आणि लाकडे पेटवून ती तापवायची, तिच्यावर थंड पाणी ओतायचे आणि मग घणाचे घाव घालायचे, अशी त्यांची रीत होती. विल्यम स्टुकली या अभ्यासकाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही नासधूस होत असतानाच तिची नोंद केली. त्याच्या नोंदी आणि रेखाटने नसती तर नष्ट झालेल्या कित्येक शिळांची जागाही आज कळली नसती.

१८७१ साली या स्मारकापुढे निराळे संकट उभे राहिले. वर्तुळाच्या आतील जमिनीचा काही भाग लहान लहान तुकडे पाडून घरे बांधण्यासाठी विकला जात होता. खरेदी करणारे बहुतेक साधे गावकरी होते आणि त्यांचा व्यवहार कायद्याला धरूनच होता. शिळा आणि बांध ही त्या जमिनीच्या मालकाची मालमत्ता होती. त्याने ती विकली, फोडली किंवा नांगरली तरी त्याला रोखण्याचा अधिकार सरकारला वा अन्य कोणालाही नव्हता.

स्थानिक धर्मोपदेशकाकडून ही बातमी लबक यांना कळली, तेव्हा त्यांनी ती जमीन विकत घेण्याची तयारी दाखवली. ज्या गावकऱ्यांनी आधीच तुकडे घेतले होते, त्यांना वर्तुळाबाहेरील तेवढीच जमीन बदली देऊ करण्यात आली आणि त्यांनी ती मान्य केली. अशा रीतीने कोणाचेही घर न हिरावता स्मारकाची जागा मोकळी राहिली. यानंतरच्या वर्षांत त्यांनी जवळच असलेली सिल्बरी टेकडीही विकत घेतली. सुमारे ३९ मीटर उंचीची ही मानवनिर्मित टेकडी युरोपातील प्रागैतिहासिक काळातील सर्वांत मोठी टेकडी समजली जाते.

एव्हबरी वाचले ते एका श्रीमंत आणि जाणत्या माणसाला वेळीच बातमी लागली म्हणून. प्रत्येक गावी असा खरेदीदार मिळणे शक्य नव्हते. देशभर शेतांत आणि माळांवर विखुरलेली शिलावर्तुळे, दफनस्थाने आणि तटबंद्या केवळ त्या त्या मालकाच्या मर्जीवर टिकून होत्या. एक मालक काळजी घेणारा असला तरी त्याचा वारस किंवा पुढचा खरेदीदार तसाच असेल याची शाश्वती नव्हती. यावर कायद्याचाच उपाय हवा, असे लबक यांचे मत झाले.

विधेयकाची वाटचाल

१८७० साली लबक मेडस्टोन येथून लिबरल पक्षाचे उमेदवार म्हणून ब्रिटिश संसदेत निवडून गेले होते. १८७३ साली त्यांनी स्मारकांच्या रक्षणासाठी विधेयक मांडले. महत्त्वाच्या स्मारकांची यादी करावी आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी एक मंडळ नेमावे, अशी त्याची रचना होती. यादीतील स्मारकाला बाधा येईल असे काम मालकाला करायचे असल्यास त्याने आधी या मंडळाला कळवावे. मंडळाने एक तर त्याला परवानगी द्यावी किंवा रास्त किंमत देऊन ते स्मारक स्वतः विकत घ्यावे. मालकाचे आर्थिक नुकसान होऊ नये आणि स्मारकही नष्ट होऊ नये, असा मधला मार्ग त्यांनी सुचवला होता.

या विधेयकाला तीव्र विरोध झाला. त्या काळी संसदेच्या दोन्ही सभागृहांत जमीनदारांचे प्राबल्य होते आणि खाजगी मालमत्तेचा हक्क अत्यंत पवित्र मानला जाई. मालकाला स्वतःच्या जमिनीवर काय करायचे यासाठी सरकारी मंडळाची परवानगी घ्यावी लागणे अनेकांना अपमानास्पद वाटले. ज्यांना स्मारके हवी आहेत त्यांनी वर्गणी काढून ती विकत घ्यावीत, असे काहींचे म्हणणे होते. आज शेतातील दगडांवर निर्बंध आला तर उद्या घरातील चित्रांवरही येईल, अशी भीती काहींनी व्यक्त केली. रोमनांच्या आधीच्या रानटी लोकांचे अवशेष राखण्याजोगे आहेत का, अशी थट्टाही झाली.

लबक यांनी विधेयक पुन्हा पुन्हा मांडले आणि ते पुन्हा पुन्हा अडले. कधी मतदानात ते पडले, तर कधी चर्चा पुढे गेली तरी अधिवेशनाचा काळ संपल्याने ते बारगळले. १८८० च्या निवडणुकीत मेडस्टोन येथे लबक यांचा पराभव झाला. त्यानंतर लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघातून ते निवडून आले आणि १९०० सालापर्यंत त्याचे प्रतिनिधी राहिले. पुढे विल्यम ग्लॅडस्टन यांच्या सरकारने स्वतःच या विषयावर कायदा करण्याची जबाबदारी घेतली.

१८८२ चा कायदा

प्राचीन स्मारक संरक्षण कायदा ऑगस्ट १८८२ मध्ये संमत झाला. त्याच्या अनुसूचीत एकूण ६८ स्मारके होती. त्यांपैकी २६ इंग्लंडमधील, ३ वेल्समधील, २१ स्कॉटलंडमधील आणि १८ आयर्लंडमधील होती. एव्हबरी, सिल्बरी टेकडी आणि स्टोनहेंज यांचा तिच्यात समावेश होता. जवळजवळ सर्व स्मारके प्रागैतिहासिक वा अतिप्राचीन होती. मध्ययुगीन किल्ले, मठ आणि वापरात असलेल्या इमारती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

कायदा संमत होताना लबक यांच्या मूळ मसुद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद, म्हणजे मालकावरील बंधन, गळून पडली होती. नव्या कायद्यानुसार मालक स्वेच्छेने दस्त करून आपल्या स्मारकाचे पालकत्व सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आयुक्तांकडे देऊ शकत असे. जमिनीची मालकी त्याच्याकडेच राही, पण देखभालीचा खर्च आणि अधिकार सरकारकडे येई. असा दस्त एकदा झाला की तो पुढील मालकांनाही बंधनकारक असे. वारसाला ती जमीन मिळाली किंवा परक्याने ती विकत घेतली, तरी स्मारकावरील पालकत्व कायम राही. विक्रीमुळे मालक बदलला तरी स्मारकाचे संरक्षण खंडित होऊ नये, ही कल्पना ब्रिटिश कायद्यात प्रथमच आली. मालकाची संमती असल्यास आयुक्तांना कोषागाराच्या परवानगीने स्मारक विकत घेण्याचीही मुभा होती.

अनुसूचीतील स्मारकाची नासधूस करणाऱ्यास ५ पौंडांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत तुरुंगवासाची शिक्षा होती. परंतु मालकाने पालकत्वाचा दस्त केलेला नसेल, तर स्वतःच्या स्मारकाची नासधूस केल्याबद्दल त्याला शिक्षा होऊ शकत नव्हती. म्हणजे ज्याच्यापासून स्मारकाला खरा धोका होता, तोच कायद्याच्या बाहेर राहिला.

कायद्यानुसार स्मारकांचे पहिले निरीक्षक म्हणून लेफ्टनंट जनरल ऑगस्टस पिट-रिव्हर्स यांची नेमणूक झाली. ते स्वतः नामवंत पुरातत्त्वज्ञ होते. सक्तीचा अधिकार हाती नसल्यामुळे गावोगाव फिरून मालकांचे मन वळवणे हेच त्यांचे मुख्य काम झाले. काही मालकांनी आनंदाने दस्त केले, तर अनेकांनी नकार दिला. स्टोनहेंजच्या मालकांनीही पालकत्व देण्यास संमती दिली नाही. १९०० साली पिट-रिव्हर्स यांच्या मृत्यूनंतर निरीक्षकाचे पद १९१० पर्यंत रिकामेच राहिले.

इतर सार्वजनिक कार्य

१८७१ साली लबक यांच्या प्रयत्नांनी बँक हॉलिडे कायदा संमत झाला. धार्मिक सणांव्यतिरिक्त ठराविक दिवशी बँका बंद ठेवण्याची तरतूद त्याने केली आणि त्यामुळे सामान्य नोकरदारांना हक्काची सुटी मिळू लागली. ऑगस्टमधील पहिल्या सोमवारच्या सुटीला लोक कृतज्ञतेने आणि काहीशा गमतीने संत लबक यांचा दिवस म्हणत. दुकानांत काम करणाऱ्या अल्पवयीन मुलांचे कामाचे तास मर्यादित करणाऱ्या १८८६ च्या कायद्यासाठीही त्यांनी पुढाकार घेतला.

ते १८७२ ते १८८० या काळात लंडन विद्यापीठाचे कुलगुरू, १८८१ साली ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष आणि १८९० ते १८९२ या काळात लंडन काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष होते. एप्रिल १८८२ मध्ये डार्विन यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबी येथे व्हावे यासाठी लबक यांनी संसद सदस्यांच्या सह्यांचे निवेदन दिले. अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तेही होते. वाचनीय अशा शंभर पुस्तकांची त्यांची यादी इंग्रजी वाचकांत फार लोकप्रिय झाली. या यादीत महाभारत आणि रामायण यांचाही समावेश होता.

वैयक्तिक जीवन आणि अखेर

१८५६ साली लबक यांचा विवाह एलन हॉर्डर्न यांच्याशी झाला. १८७९ साली त्यांचे निधन झाले. १८८४ साली लबक यांनी पिट-रिव्हर्स यांच्या कन्या ॲलिस यांच्याशी दुसरा विवाह केला. १९०० साली त्यांना सरदारकी मिळाली आणि त्यांनी बॅरन एव्हबरी ही पदवी घेतली. त्याच वर्षी स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मध्ययुगीन वास्तूंनाही संरक्षण देण्याची आणि काउंटी कौन्सिलांना पालकत्व घेण्याची सोय झाली.

२८ मे, १९१३ रोजी केंटमधील किंग्जगेट कॅसल येथे लबक यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ऑगस्ट १९१३ मध्ये, ब्रिटनमध्ये नवा आणि अधिक कडक स्मारक कायदा संमत झाला. यादीतील स्मारकात फेरफार करण्यापूर्वी मालकाने एक महिन्याची पूर्वसूचना देणे त्याने बंधनकारक केले आणि धोक्यात आलेल्या स्मारकासाठी संरक्षणाचा आदेश काढण्याची सोय केली. चाळीस वर्षांपूर्वी लबक यांनी मागितलेली सूचनेची अट अशा रीतीने अखेर कायद्यात आली, पण ती पाहण्यास ते हयात नव्हते.

वारसा

१९१५ साली स्टोनहेंजची जमीन लिलावात निघाली. सेसिल चब या स्थानिक वकिलाने ती ६,६०० पौंडांना विकत घेतली आणि १९१८ साली राष्ट्राला अर्पण केली. एव्हबरीची बरीचशी जमीन पुढे अलेक्झांडर कीलर या पुरातत्त्वज्ञाने विकत घेतली, गाडल्या गेलेल्या अनेक शिळा पुन्हा उभ्या केल्या आणि १९४३ साली ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवली. १९८६ साली स्टोनहेंज आणि एव्हबरी यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

पालकत्व आणि करार या कल्पना भारतातही आल्या. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ साली प्राचीन स्मारक परिरक्षण कायदा संमत झाला. पुढे १९१३ च्या ब्रिटिश कायद्यासाठीही कर्झन यांनी प्रयत्न केले. भारतीय कायद्याच्या कलम ५ नुसार स्मारकाचा मालक आणि सरकार यांच्यात करार करता येत असे. स्मारक असलेली जमीन मालकाने विक्रीस काढल्यास त्याने सरकारला सूचना द्यावी आणि ती बाजारभावाने विकत घेण्याचा हक्क सरकारला राहावा, अशी अट या करारात घालता येई. स्मारक नष्ट होण्याचा धोका असल्यास ते सक्तीने संपादन करण्याचा अधिकारही सरकारला होता. मात्र धार्मिक विधींसाठी वापरात असलेली स्मारके त्यातून वगळलेली होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात कराराची ही तरतूद कायम राहिली. महाराष्ट्र राज्याने १९६० साली याच विषयावर स्वतःचा कायदा केला.